मालकांची मिशी आणि विमानाची घंटी

"थांबव. अरे थांबव गाडी. थांबव म्हणलं ना."

मालक ओरडत होते. गाडी तेच चालवत होते, त्यामुळे हा हुकूम कुणाला आहे ते आम्हाला कळेना. पण मालकांची रीतच ती. स्वतःशी बोलायचं तरी ते चार शेतं पलीकडच्या गड्याला हाक घातल्यासारखंच बोलायचे. शेवटी त्यांच्या उजव्या पायानं एकदाचं ऐकलं आणि गाडी हमरस्त्याच्या कडेला लागली. मागून येणारा हळदीचा ट्रक आम्हाला चुकवून, ड्रायव्हरच्या तोंडून आमच्या घराण्याचा उद्धार करत पुढं गेला.

"आवाज काहून बंद झाला?" मालकांनी विचारलं.

"कशाचा?" मी डोळे चोळत म्हणालो.

"घंटीचा, भाऊसाहेब. विमानाची घंटी वाजून न्हाई राहिली."

मी मागं वळून पाहिलं. गाडीच्या मागच्या भागात गादी होती, उशी होती, धपाट्यांचा डबा होता, पाण्याचा मोठा कॅन होता. कॅनच्या मुठीला सुतळीनं बांधलेली पितळी घंटी होती. आमचा चार वर्षांचा मुलगा तेवढा नव्हता.

आता हे असं का झालं ते सांगायचं, तर आधी मालक सांगावे लागतील. आणि मालक सांगायचे म्हणजे आवाजापासून सुरुवात करावी लागेल.

औंढ्यात आम्ही त्यांच्या घरात भाड्यानं राहायचो. ते आमचे घरमालक, म्हणून मालक. पुढं सगळी गल्लीच त्यांना मालक म्हणायला लागली. ज्यांची स्वतःची घरं होती तेही म्हणायचे. मालक औंढ्यात ओसरीवर बसून फोनवर बोलायला लागले, की जवळा बाजारातला माणूस फोन खाली ठेवून नुसता ऐकायचा, अशी ख्याती होती. मी कचेरीतून घरी यायला निघालो, की अर्ध्या वाटेतच मला कळायचं आज आमच्याकडं भाजी काय आहे. कारण मालकांनी काकूंना सांगितलेलं असायचं, "भाऊसाहेबाच्या घरी वांगं शिजून राहिलं, वास येतोय का?" त्या घरात सहा वर्षांत आम्ही नवरा-बायको एकदाही भांडलो नाही. भांडण्यासारखं खूप होतं, पण निकाल गल्लीत गेला असता.

काकू, म्हणजे मालकांच्या घरच्या, याच्या उलट. त्या आठवड्याला साधारण एक वाक्य बोलायच्या, आणि ते मालकांना गप्प करायला पुरायचं.

आवाजाच्या खालोखाल मालकांची मिशी. ती मिशी आधी यायची, मग मालक यायचे. तिला ते रोज सकाळी खोबरेल लावून दोन्ही टोकं वर वळवायचे. तुम्ही आज औंढ्याला गेलात आणि मालक भेटले, तर नीट बघा. डावं टोक उजव्यापेक्षा जरा आखूड आहे. ते वाढू शकलं असतं, पण मालक वाढू देत नाहीत. निकाल निम्माच लागला, म्हणतात. कसला, ते ओघानं येईल.

मालकांना जगातल्या सगळ्या विषयांवर मत होतं, पण अधिकार एकाच विषयात होता. लहान लेकरं घेऊन सहलीला जावं की नाही. त्यांना चार मुलं. चौघांना घेऊन ते तरुणपणी भारत फिरले होते.

"बालाजीला गेलो," ते सांगायचे, "बालाजी सोडून समद्याचं दर्शन झालं. एकाला लागली, एकाला झाली, एक हरपलं, अन् एक दुसऱ्याच्या बापाचं बोट धरून प्रसाद खाऊन आलं. लोकं गोविंदा, गोविंदा म्हणून राहिले, अन् मी म्हणून राहिलो, इथं नको, इथं नको. इचारा काकूला."

विचारलं, तेव्हा काकूंनी त्या आठवड्याचं वाक्य उच्चारलं. "मी बालाजीला गेलते? मला वाटलं शेजारीण गेलती."

यातून मालकांनी सिद्धांत काढला होता. घरचंच काम परगावी जाऊन करायचं, वरून फोटो काढायचा, त्याला लहान लेकराची सहल म्हणतेत. मांडीवरचं लेकरू घेऊन खुशाल जा, ते पळत नाही. पळायला लागलं, की घरी बसा. मग पुन्हा कधी जायचं? इथं लोक वय विचारायचे आणि मालक चिडायचे. "वय काय इचारून राहिले? लेकरू काय हायब्रीड बियाणं हाय, इतक्या दिवसांत येतं म्हणून सांगायला? त्याची परीक्षा घ्या."

आणि ते खरोखर घ्यायचे. एप्रिल संपत आला, की संध्याकाळी ओट्यावर खुर्ची टाकून मालक बसायचे आणि गल्लीतले आईबाप आपापली पोरं घेऊन यायचे. सक्ती नव्हती. पण न विचारता सहलीला गेलेल्याची फजिती तो परतल्यावर मालक जाहीर करायचे, त्यापेक्षा आधी नापास झालेलं परवडायचं. पहिली परीक्षा चपलांची. उजवी उजव्यात, डावी डाव्यात. दुसरी पाण्याची. भरलेला पेला घेऊन अंगण ओलांडायचं, आणि मधेच मालक ओरडणार, "ते बघ माकड." त्या ओरडण्यानं पोरांच्या हातातलं पाणी तर सांडायचंच, रस्त्यावरून दुधाची किटली घेऊन जाणाऱ्याचं दूधही सांडायचं. तिसरी परीक्षा खरी. मालकांचा चहा संपेपर्यंत पोरानं शेजारी बसायचं, काही मागायचं नाही, मधे बोलायचं नाही. हिच्यात कुणी पास झाल्याचं मला फारसं आठवत नाही. एकदा एक मुलगी पास होतच आली होती. पण मालकांनाच राहवलं नाही. अर्ध्या कपावर तेच म्हणाले, "बिस्कूट पाहिजे का गं?" ती व्हय म्हणाली आणि नापास झाली.

आमची मोठी, आरोही, सात वर्षांची होती तेव्हा मात्र पास झाली. पूर्ण कप ती गप्प बसली. मालक तिला आरोळी म्हणायचे, आणि गल्लीत त्या पोरीइतकं हळू कुणी बोलत नव्हतं. धाकट्या विहानला ते विमान म्हणायचे.

"विहान, मालक," मी दुरुस्ती करायचो.

"तेच ते. उडतंयबी तसंच."

विमान तिन्ही विषयांत नापास. चपला तर त्यानं मालकांच्याच घालून पळवल्या.

आम्ही त्याआधीच्या वर्षी मालकांचं न ऐकता वेरूळला जाऊन आलो होतो. ते फोटो आजही घरात आहेत. कैलास लेणं आहे, मी आहे, पोरं आहेत. आणि प्रत्येक फोटोत माझी बायको वाकलेली आहे. कुठं नाडी बांधतेय, कुठं नाक पुसतेय, कुठं नुसतीच पाठ. एकाही फोटोत ती सरळ उभी नाही. लेणी बघून आलेल्या माणसानं मूर्ती आठवाव्यात, तिला फक्त फरशा आठवत होत्या. चहाला तीनदा थांबलो, आणि तिन्ही वेळा पोरांचं उरकून ती कपाकडं वळेपर्यंत चहावर साय धरलेली.

म्हणून त्या मे महिन्यात मी चिखलदऱ्याचं नाव काढलं, तेव्हा ती भाकरी थापता थापता म्हणाली, "जा तुमी."

"म्हणजे? तू?"

"मी माहेरी जाते. एकटी. डोंगर तुमी बघा, मला झोप पाहिजे. पाच वर्षं झाली, मी सलग झोपले नाही. सहलीत तर एक डोळासुद्धा मिटला नाही. यंदा आले तर झोपायला येईन, आणि तेवढंही जमलं नाही तर परत कधी मला कुठं चला म्हणू नका. ही शेवटची."

ती हे माझ्याशीच बोलत होती, अगदी हळू. पण भिंत मालकांची होती. पलीकडून उत्तर आलं.

"सूनबाई, तुमाला झोप मिळंल. जिम्मा माझा."

आणि दोन मिनिटांत ते दारात उभे. "यंदा माझी गाडी, मी डायवर, तुमची काकू संगं. तुमी नुस्त्या बसा. अन् तुमाला आराम न्हाई मिळाला, तर ही मिशी ओट्यावर बसून, समद्या गल्लीसमोर काढीन."

मागून काकू म्हणाल्या, "बरं दिसंल."

मालकांच्या या धाडसामागं एक शोध होता. सिद्धेश्वर धरणाच्या अंगाला एका बंजारा तांड्यावर त्यांचे जुने दोस्त राहायचे. तांड्याचे नाईक. वयानं मालकांएवढेच, पण बोलणं असं, की शब्द विकत आणल्यासारखे. दोघांची दोस्ती टिकली होती, कारण एकाला फक्त बोलायचं होतं आणि दुसऱ्याला फक्त चहा प्यायचा होता. मागं एकदा ओट्यावर बसून नाईकांनी आपल्या आज्या-पणज्याचं सांगितलं होतं. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून ते मुलूख तुडवायचे. पुढच्या बैलाच्या गळ्यात घंटी. ती वाजतेय तोवर बिनघोर. माणूस चालता चालता डुलकी काढायचा. घंटी थांबली, की जागा.

हे ऐकून मालक उठूनच उभे राहिले. "म्हणजे बघायचं कामच न्हाई. नुस्तं ऐकायचं."

"बैलाचं सांगून राहिलो मी," नाईक म्हणाले.

पण मालक पुढचं ऐकायला थांबणारे नव्हते.

आठवडी बाजारात आम्ही जवळ्याला गेलो. बैलांचे कासरे, म्होरक्या, घुंगरं विकणारा एक जण बसतो, त्याच्यापुढं मालकांनी घंट्यांचा ढीग मांडायला लावला. लहान नको, मोठी नको, गाडीत ऐकू येईल अशी पाहिजे. परीक्षेशिवाय मालक काही घेत नसत. एकेक घंटी स्वतःच्या कमरेला बांधून ते बाजारातून येरझारा घालायला लागले, आणि मी वेगवेगळ्या अंतरावर उभा राहून "येतो आवाज" असं ओरडायचं. तिसऱ्या घंटीला दोन म्हशी त्यांच्या मागं चालायला लागल्या. चौथीला एक शेतकरी येऊन मला विचारून गेला, म्हशींची जोडी केवढ्याला दिली. पाचवी पसंत पडली. विमानाला ती इतकी आवडली, की त्या रात्री तो ती बांधूनच झोपला आणि गल्लीतली कुत्री सकाळपर्यंत भुंकत राहिली.

निघायच्या दिवशी मालकांनी नियम सांगितले. पुढं ते, मधे आरोही, खिडकीशी मी. मधल्या बाकावर काकू आणि माझी बायको. मागं सामान, आणि सामानात गादी घालून केलेला विमानाचा महाल. "मागं वळून बघायचं न्हाई," मालक म्हणाले. "एकदा बघायला लागलं, की माय झोपत न्हाई. कान कशाला दिलेत देवानं? घंटी वाजती, म्हणजे लेकरू हाय. बस."

मीही माझ्याकडून एक नियम घातला. आरोहीला म्हणालो, "आई झोपली, की काही झालं तरी उठवायचं नाही."

सरळ हिंगोलीच्या रस्त्यानं गेलो असतो तर दुपारपर्यंत अर्धी वाट सरली असती. पण तांडा आडवाटेला आणि नाईक दोस्त. दोस्ताच्या गावावरून जायचं आणि चहा घ्यायचा नाही, हे आमच्याकडं चालत नाही. माणसं असल्या गोष्टी तेराव्यालासुद्धा काढतात. म्हणून मालकांनी गाडी धरणाच्या अंगानं घातली. त्या रस्त्याचं वर्णन मी करणार नाही. एवढंच सांगतो, त्या रस्त्यावर खड्डे नव्हते. खड्ड्यांमधे कुठं कुठं रस्ता होता. एक बरं होतं, घंटी अखंड वाजत होती. मालक खुशीत येऊन म्हणत होते, "ऐका, ऐका. देवळात बसल्यावानी वाटून राहिलं का न्हाई?"

तरी बायको जागीच. दर वळणाला तिची मान मागं जायची आणि काकू हातानं ती पुन्हा पुढं करायच्या.

तांड्यावर नाईकांनी बाज टाकली. चहा झाला, धपाटे निघाले, कॅनमधलं पाणी गरम झालं म्हणून नाईकांच्या घरच्यांनी तो रिकामा करून हापशावरून भरून आणवला. विमान घंटी वाजवत सगळ्या तांड्यावर फिरत होता. गोठ्यात शेळी व्यालेली होती, दोन करडं होती. तो जवळ गेला, की घंटी वाजायची आणि करडं पळायची. पुन्हा गेला, पुन्हा पळाली. चार वर्षांचं पोरगं, पण विचार करणारं. त्यानं कमरेची सुतळी सोडली आणि घंटी जवळ दिसलेल्या वस्तूला, म्हणजे कॅनच्या मुठीला, अडकवली. दोन वेढे आणि गाठ. चपला उलट्या घालणाऱ्या पोराला गाठ मात्र येत होती. मालकांनी गाठीची परीक्षा कधी घेतलीच नव्हती.

हे अर्थात आम्हाला नंतर कळलं. त्या वेळी एवढंच कळलं, की आम्ही सगळे गाडीत बसलो, मालकांनी स्टेअरिंगमागून हाक दिली, "विमान आत?" आणि त्याच क्षणी कुणीतरी भरलेला कॅन मागून गाडीत ठेवला. घंटी खणखणली.

"आलं," मालक म्हणाले, आणि निघालो.

पुढचा तासभर म्हणजे काय सांगू. गाडी उडत होती, आपटत होती, घंटी वाजत होती. डोळे मिटले तर वाटावं आपण मीठ लादून निघालोय. मालक मला त्यांच्या थोरल्याच्या जावळाची हकिकत सांगत होते. मी सहज आरशात बघितलं. बायकोची मान काकूंच्या खांद्यावर पडली होती. तोंड किंचित उघडं. गाडी खड्ड्यात गेली, तिचं डोकं गाडीच्या छताला लागेल इतकं उडालं, पुन्हा खांद्यावर पडलं, तरी तिला जाग नाही. उलट दर खणखणाटाला तिच्या चेहऱ्यावरची एकेक सुरकुती निघत होती. लग्नात घातलेला हार काढल्यावर दिसली होती, तशी ती दिसायला लागली. काकूंचाही डोळा लागला होता.

मालकांनी मला कोपर मारलं. "मिशी वाचली, भाऊसाहेब. तुमीबी घ्या डुलकी."

मी घेतली. इतक्या गाढ झोपेची मला सवय नव्हती. मी स्वप्नसुद्धा चिखलदऱ्याचं न बघता डायरेक्ट स्वित्झर्लंडचं बघितलं.

आणि मग गाडी हमरस्त्याला लागली. नवाकोरा, काळाभोर, आरशासारखा रस्ता. पोटातलं पाणी हलणार नाही असा. कॅनमधलंही हललं नाही. घंटी थांबली.

बाकीचं तुम्ही ऐकलंच आहे.

आम्ही सगळे त्या कॅनकडं बघत राहिलो. बायकोनं गादी उचलली, उशी उचलली, धपाट्यांचा डबासुद्धा उघडून बघितला. मग पुढच्या सीटवरून आरोही हळूच म्हणाली, "तो चढलाच नाही."

"काय?"

"तो करडांकडं गेला होता. गाडी निघाली तेव्हा मी बघितलं."

"मग सांगायचं नाही का गं?" मी ओरडलो.

"आजोबा बोलत होते. मोठ्यांच्या मधे बोलायचं नाही, असं परीक्षेत असतं. ते थांबले तोवर आई झोपली. आई झोपल्यावर काही झालं तरी उठवायचं नाही, असं तुम्ही म्हणाले."

गल्लीतली तिसऱ्या परीक्षेत पास झालेली एकुलती एक मुलगी.

नाईकांना फोन लावला. पण त्या खोऱ्यात फोन एका लिंबाखालीच लागतो, आणि नाईक त्या लिंबाखाली वर्षातून एकदा, मुलाच्या साहेबाला दिवाळीच्या शुभेच्छा द्यायलाच जातात. गाडी वळवली.

जाताना जो रस्ता तासाचा होता तो येताना किती झाला ते मला विचारू नका. मालक गप्प होते. मी त्यांना सहा वर्षांत एवढा वेळ गप्प कधी बघितलं नव्हतं, आणि त्या शांततेची भीती वाटायला लागली. कारण त्या शांततेत दुसरा आवाज होता. गाडी पुन्हा खड्ड्यांत लागली होती आणि मागं ती घंटी वाजायला लागली होती. तशीच, तेवढ्याच खुशीत. बायको सरळ समोर बघत होती. हात मांडीवर, मुठी आवळलेल्या. दर खणखणाटाला तिची एक मूठ उघडायची आणि मिटायची. शेवटी काकू बाकावरून मागं वाकल्या आणि ती घंटी त्यांनी मुठीत गच्च धरली. तांडा येईपर्यंत त्या तशाच, अर्ध्या वाकलेल्या, बसून राहिल्या.

गाडी थांबायच्या आधीच बायको उतरली. एक चप्पल गाडीतच राहिली. नाईक बाजेवर बसले होते. शेजारी विमान, मांडीवर एक करडू, हातात दूध-भाकरीची वाटी. अर्धा घास तो स्वतः खात होता, अर्धा करडाला देत होता. आईला बघून म्हणाला, "घंटी नाई वाजली ना, म्हणून ते पळालं नाई."

बायकोनं त्याला करडासकट उचललं. मग ती रडली. करडू ओरडलं, म्हणून विमानही रडला. मी बाजेच्या पायाला धरून खाली बसलो.

मालक लांब, गाडीच्या आडोशाला उभे होते. नाईकांनी त्यांना हाक दिली. "ये. चहा ठेवलाय. पोरगं इथं हाय म्हणल्यावर येशीलच, म्हणून आधण टाकूनच ठेवलं होतं."

मालक आले. घसा खाकरून म्हणाले, "तूच म्हणला होतास. घंटी वाजून राहिली तवर बिनघोर."

"बैलाचं म्हणलो होतो," नाईक म्हणाले. "बैल सुतळी सोडत न्हाई. त्याला हात कुठंयत?"

आम्ही चिखलदऱ्याला गेलो. जायचं ठरलं होतं म्हणून गेलो, मागं आलं तर गल्लीला काय सांगणार. तिथं म्हणे खोल दऱ्या आहेत. माझ्या बायकोनं तीन दिवस विमानाचं मनगट धरलेलं होतं, त्यामुळे तिनं फक्त मनगट बघितलं. जेवताना, फिरताना, झोपताना तो हात सुटला नाही. झोपताना म्हणजे तो झोपताना. चहा प्रत्येक वेळी सायीपर्यंत पोचला. मालक गाडीच्या टपावर बसून दरीकडं पाठ करून मिशीवरून हात फिरवत होते, जणू लांबच्या प्रवासाला निघालेल्या नातेवाइकाला निरोप देत होते. फोटो तिथलेही आहेत. बायको सगळ्यांत उभी आहे, सरळ आहे, पण एका बाजूला ओढली गेलेली.

औंढ्याला परतलो त्याच संध्याकाळी मालकांनी ओट्यावर खुर्ची टाकली. तीच, परीक्षेची. सलूनवाल्याला बोलावणं गेलं. कुणी काही सांगितलं नव्हतं, पण मालकांनी सलूनवाल्याला फोनवरून बोलावलं होतं, त्यामुळे सगळ्या औंढ्याला कळलं होतं. गल्ली जमली. ज्यांची पोरं वर्षानुवर्षं नापास झाली होती ते पुढच्या रांगेत होते.

"मालक, नका हो," एक जण म्हणाला, पण बघायला जागा मिळेल अशा बेतानं म्हणाला.

"शब्द म्हंजे शब्द," मालक म्हणाले. "लेकरू हरपलं अन् सूनबाईची सहल मी नासवली. चालव रे कैची."

सलूनवाल्यानं डावं टोक चिमटीत धरलं. सोडलं, पुन्हा धरलं. त्या मिशीवरच तो धंदा शिकलेला. कच्चकन आवाज झाला आणि खोबरेल लावलेला वळसा मालकांच्या मांडीवर पडला. काकूंनी तो उचलून बघितला आणि पुन्हा ठेवून दिला.

"थांब," मालक म्हणाले. एवढ्या हळू, की मागच्यांना कळलंच नाही. "निकाल मी कोण देणार? तिला इचारायला पायजे."

मग त्यांनी मान वळवली. आमच्या पायरीवर बायको बसली होती. हातात कप. विमान तिच्या पदराला लोंबकळून काहीतरी मागत होता.

"सूनबाई, खरं सांगा. माझ्याकडं बघू नका, मिशीकडंबी बघू नका. तुमाला आराम मिळाला का न्हाई?"

सगळी गल्ली तिच्याकडं बघायला लागली. तिनं बोटानं चहावरची साय बाजूला केली आणि म्हणाली,

"चांगला रस्ता लागेपर्यंत मिळाला."